अजून एक बोट

विषय "उन्हातल्या सुट्टीसाठी पाच अनोळखी जागा" असा छापलाय, तो मीच लिहून दिला होता, पण आधीच कबूल करतो, पाच काही होणार नाहीत. माझं म्हणणं एवढंच की परदेशातल्या ज्या बेटावर सगळे जातात तिथे खुशाल जा, फक्त तिथून अजून एक बोट पकडा.

टेनेरिफ ऐकलं असेलच, स्पेनच्या कॅनरी बेटांमधलं सगळ्यात मोठं. तिथल्या लोस क्रिस्तियानोस बंदरातून तासाभरात ला गोमेरा हे शेजारचं बेट येतं. मी पहिल्यांदा गेलो तो एका टूरबरोबर, नाव घेत नाही, त्यांनी तिथल्या जंगलाला दिली चाळीस मिनिटं, त्यातली पंधरा बाथरूमच्या रांगेत. एक बाई तर बसमधून उतरल्याच नाहीत, म्हणे फोटो काचेतूनही येतो. मी इतका चिडलो की पुढच्या वर्षी एकटाच जाऊन पाच दिवस राहिलो.

आता गंमत. खाली किनाऱ्यावर कडक ऊन, म्हणून मी हाफ पँट आणि चपला. वर गाराहोनायच्या जंगलात शिरलो तर पाऊस नाही आणि तरी मी भिजतोय! समुद्रावरचा ओला वारा डोंगर चढताना ढग होतो, ते धुकं पानांवर, शेवाळावर अडकतं आणि टपटप गळत राहतं. लॉरेल नावाच्या सदाहरित झाडांची असली जंगलं लाखो वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राच्या आसपास पसरलेली होती, तिकडची संपली, इथली या धुक्यावर तगली. १९८६ पासून युनेस्कोच्या यादीत आहे.

सोबत एक म्हातारबा होते. त्यांनी बोट दुमडून तोंडात घातलं आणि दरीत अशी शिट्टी मारली की माझे कान बसले. पलीकडून उत्तर आलं. तासाभराने पलीकडच्या खानावळीत पोचलो तर मालकीणबाई माझ्या तोंडाकडे न बघता थेट पायांकडे बघून हसायला लागल्या. म्हणजे माझ्या चपलांची बातमी माझ्या आधी पोचली होती! (हशा) ही सिल्बो, शिट्टीतली स्पॅनिश. पाच स्वरांचं काम दोन शिट्ट्यांत भागतं, व्यंजनांचं चारांत. १९९९ पासून तिथल्या शाळांत सक्तीचा विषय आहे. शिट्टी मारली म्हणून वर्गाबाहेर काढलेले इथे किती आहेत, हात वर करू नका.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, पळवतो.

ग्रीसच्या कोर्फू बेटावर गेलात तर समोर दिसतो तो अल्बानिया देश, बोटीने तिथलं सारांडा बंदर, पुढे थोड्या अंतरावर बुट्रिंट हे जुनं शहर, आता अवशेष. ग्रीक नाट्यगृह, रोमन स्नानगृहं, बायझंटाइन चर्च, व्हेनिसवाल्यांचा बुरूज, सगळं एकाच झाडीत, बाजूला खाडी. एवढं पाहून पोहायलाही वेळ उरतो. झांझिबारला गेलात तर उत्तरेला पेम्बा बेट. लवंगा मुख्यतः तिथे पिकतात, तोडणीच्या दिवसांत रस्त्याकडेला चटयांवर वाळत घातलेल्या, गाडीची काच खाली केली की कळतं. मार्च ते मे सोडून जा, तेव्हा मोठा पाऊस असतो. चौथं उत्तर मॅसेडोनिया आणि अल्बानियाच्या सीमेवरचं ओह्रिडचं तळं, २८८ मीटर खोल, युरोपातल्या सगळ्यात जुन्या तळ्यांपैकी एक, जुलै-ऑगस्टमध्ये मस्त पोहता येतं, तिथे बोटीऐवजी बस, तेवढं चालवून घ्या.

पाचवं राहिलं. आणि हो, परतीच्या बोटीची वेळ जाण्याआधी बघून ठेवा, मी बघितली नव्हती, म्हणून तर चाराचे पाच दिवस झाले. थांबतो, नाहीतर अध्यक्ष शिट्टी मारतील.