मान डळमळते तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

दिवसभर मान खाली घालून काम केलं की संध्याकाळी मानेला रग लागते. पण काही जण आणखी एक तक्रार सांगतात: "डोकं जड झालंय, मानेला पेलवत नाही, हाताने धरून बसावंसं वाटतं." आज मी या तक्रारीबद्दल बोलणार आहे, कारण तिच्यावर पुष्कळदा उलटाच उपाय होतो.

आपलं डोकं साधारण 4 ते 5 किलोचं. ते 7 मणक्यांवर तोललेलं असतं. मान पुढे झुकली की मागचे स्नायू तासन् तास ते ओढून धरतात आणि आखडतात. मानेच्या पुढच्या बाजूला, मणक्यांना लगटून, लहान स्नायू असतात. मणके जागच्या जागी धरणं हे त्यांचं काम. ते दुबळे झाले की मान डळमळीत वाटते.

अशा वेळी लोक पट्टा बांधतात आणि महिनोन् महिने काढत नाहीत. मग दुबळे स्नायू आणखीच दुबळे होतात. कुणी मान कडकड मोडून घेतं. तेही कृपा करून टाळा.

त्या स्नायूंना पुन्हा कामाला लावायला हवं. पाठीवर झोपा, डोक्याखाली पातळ उशी घ्या. हनुवटी अलगद गळ्याकडे आणा, मानेने होकार देतो तेवढीच. डोकं उशीवरून उचलायचं नाही. दोन बोटं गळ्याच्या बाजूला ठेवा; तिथले स्नायू टणक लागले तर जोर जास्त होतोय. 5 सेकंद धरा, सोडा, श्वास चालू ठेवा. हळूहळू 10 सेकंद, 10 वेळा. कंटाळवाणं वाटेल, पण काही आठवडे नेमाने करा. शेक घ्या, बरं वाटतं. बैठं काम असेल तर अर्ध्या तासाने उठा. संगणकाचा पडदा डोळ्यांच्या पातळीवर आणा.

मात्र हातात मुंग्या किंवा बधिरपणा असेल, बटण लावताना बोटं अडखळत असतील, चालताना तोल जात असेल, लघवीवरचा ताबा सुटला असेल, ताप असेल किंवा पडल्या-आपटल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल, तर व्यायाम नको, मालीशही नको. संधिवाताच्या, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या रुग्णांची मान खरोखरच अस्थिर असू शकते. त्यांनी आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावं. आणि लघवीचा ताबा सुटला किंवा हातापायांतली ताकद अचानक गेली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.