50 ग्रॅम मऊ लोकर आणि एक गळपट्टा

नमस्कार श्रोतेहो. आज विणकामाबद्दल बोलायचंय, आणि तेही भारी, म्हणजे महागातल्या लोकरीच्या विणकामाबद्दल. कोकणात लोकर कशाला, असं कुणाच्याही मनात येईल. पण जत्रेला रात्रभर दशावतार बघत बसलं की पहाटे तीनच्या सुमाराला गळ्याभोवती काहीतरी हवंच असतं. दापोलीकडे डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळी तर शालीशिवाय अंगणात उतरवत नाही. अख्खा स्वेटर मात्र इथे वर्षभर ट्रंकेतच राहतो. म्हणून आपल्याकडे लहान वस्तू विणाव्यात: गळपट्टा, कानटोपी, बाळाचं टोपरं. स्वेटरला चारशे-पाचशे ग्रॅम लोकर लागते, गळपट्टा 50 ग्रॅममध्ये होतो. तेवढीच घ्यायची तर उत्तम घेणं परवडतं.

अडचण एकच. महागाचा गुंडा आपण एकच घेतो, आणि तो नेमका शेवटच्या चार बोटांना संपतो. दुसरा मागवावा तर रंगाचा घाणा, म्हणजे एका वेळी रंगवलेली खेप, वेगळा निघतो आणि जोड लांबून दिसतो. म्हणून आज असा गळपट्टा सांगते, ज्यात लोकर संपण्याची भीतीच नाही, कारण तो टाके मोजून कमी आणि वजन करून जास्त विणायचा आहे. कागद-पेन्सिल हाताशी ठेवा.

आधी लोकर कोणती घ्यायची ते. पश्मिना म्हणजे लडाखच्या चांगथांग पठारावरच्या शेळीच्या अंगावरची आतली मऊ लव. तिचा तंतू 12 ते 16 मायक्रॉन जाडीचा असतो. आपला केस साधारण 70 मायक्रॉन धरला, तर तिची नजाकत लक्षात येईल. पण हा तंतू आखूड असतो, म्हणून जिथे घासतो तिथे त्याचे गोळे येतात. गळ्याला उत्तम, मोज्यांना अजिबात नको. मेरिनो ही मेंढीची मऊ लोकर. तिला लवचिकपणा असतो, ताणली तरी परत जागेवर येते, नवशिक्याचा हात सांभाळून घेते. रेशमाला झळाळी आहे, पण लवचिकपणा जवळजवळ नाही. निव्वळ रेशमी गळपट्टा वापरून वापरून लांबत जातो, म्हणून मेरिनो आणि रेशीम एकत्र कातलेला धागा घ्यावा. पहिल्या खेपेला आमची शिफारस त्याचीच. अंगोरा सशाची किंवा मोहेर, म्हणजे अंगोरा शेळीची, केसाळ लोकर तान्ह्या बाळासाठी वापरू नका. सुटे केस बाळाच्या नाकातोंडात जातात. बाळाच्या टोपऱ्याला लांब नाड्याही लावू नका.

बाजारात पश्मिना म्हणून अ‍ॅक्रिलिकही मिळतं. बोटभर धागा चिमट्यात धरून काडी लावा. लोकर किंवा रेशीम सावकाश जळतं, जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांनी चुरते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि मागे टणक मणी उरतो. मात्र या परीक्षेतून पश्मिना आणि साधी लोकर यांतला फरक कळत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

आता गळपट्टा. 50 ग्रॅममध्ये 200 मीटर भरेल असा धागा घ्या. वेष्टनावर मीटर लिहिलेले असतात. सुया 9 नंबरच्या, म्हणजे पावणेचार मिलिमीटरच्या. रेशमाचा धागा गुळगुळीत, तो स्टीलच्या सुईवरून सुळकन घसरतो, म्हणून त्याला बांबूच्या सुया घ्या. पावसाळ्यात बांबूच्या सुया दमट होऊन धागा अडकायला लागला, तर त्यांच्यावरून मेणकागद फिरवावा.

धागा लडीत आला असेल तर थेट लडीतून विणायला बसू नका, हमखास गुंता होतो. लडी दोन खुर्च्यांच्या पाठींवर ताणून घाला, मगच तिच्या बांधण्या कापा, आणि तीन बोटांवर सैल गुंडा करत जा. घट्ट गुंडाळलेली लोकर ताणलेलीच राहते आणि विणून धुतल्यावर आकसते. हातांचंही बघा. नारळ खवून, मासे साफ करून चरे पडलेल्या बोटांत हा धागा अडकतो. चमचाभर साखर आणि थोडं खोबरेल तेल हातांवर चोळा, साबणाने धुवा, कोरडे करा आणि मगच गुंड्याला हात लावा. रेशमावर पडलेला तेलाचा डाग सहसा निघत नाही.

नमुना विणायचा कंटाळा करू नका. 24 टाके घालून 48 ओळी सुलट विणा. धागा तोडू नका. तुकडा धुऊन वाळवा आणि मधले 10 सेंटिमीटर मोजा. साधारण 20 टाके यायला हवेत. 22 आले तर हात घट्ट आहे, एक नंबर जाड सुई, म्हणजे 8 नंबरची घ्या. धुतल्यावरच मोजायचं, कारण पश्मिना धुतल्यावर फुलते आणि रेशीम पसरतं. माप घेऊन झालं की तुकडा उसवून तोच धागा वापरता येतो. मोहेर मात्र उसवताना गुंतते. ती पिशवीत घालून अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवली की थोडी सैल सुटते.

आता लिहून घ्या. 4 टाके घाला. सगळ्या ओळी सुलट. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता उजव्या सुईवर घ्या, म्हणजे कड नीट येते. पहिली, दुसरी, तिसरी ओळ साधी विणा. चौथ्या ओळीत शेवटचे 3 टाके उरेपर्यंत विणा, त्यातल्या पहिल्या टाक्यातून दोन टाके काढा, उरलेले 2 विणा. एक टाका वाढला. पुन्हा सांगते: तीन ओळी साध्या, चौथ्या ओळीत शेवटी एक वाढ. वाढ ज्या बाजूला येते तिथे रंगीत दोरा बांधून ठेवा. दुसऱ्या बाजूला एकदा जरी वाढ झाली तरी सरळ कड तिरकी जाते, आणि हे लक्षात येतं दहा-बारा ओळींनंतर.

कधीपर्यंत वाढवायचं? इथे काटा घ्या, स्वयंपाकघरातला डिजिटल, एक ग्रॅम दाखवणारा. सुरुवातीलाच रिकाम्या सुयांचं वजन लिहून ठेवा. टाके 40 झाले की दर आठ ओळींनी सुयांसकट विणकाम तोला, त्यातून सुयांचं वजन वजा करा आणि शेजारी उरलेला गुंडा तोला. गुंडा विणकामापेक्षा 2 ग्रॅमच जास्त राहिला की वाढ थांबवा. टाके वाढवताना जेवढा धागा गेला, तेवढाच पुढे ते कमी करताना जातो. तिथवर 50-52 टाके झालेले असतात. या रुंदीला एका ओळीत जवळपास मीटरभर धागा जातो, म्हणजे ग्रॅमला चार ओळी. त्यामुळे शेवटी दर चार ओळींनी तोला.

दोन्ही वजनं एकाच वेळी करायची, यालाही कारण आहे. लोकर हवेतली ओल ओढून घेते. आपल्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश ओल घेऊनही ती हाताला ओली लागत नाही. गुंड्यावर 50 ग्रॅम छापलेलं असेल आणि आषाढात तोच गुंडा काट्यावर 53 भरेल. छापील आकडा धरून अर्धा हिशोब केलात तर फसाल. त्याच दिवशी, त्याच खोलीत दोन्ही तोलली की ओल दोन्हीकडे सारखीच.

वाढ थांबवल्यावर पुन्हा तीन ओळी साध्या, आणि चौथ्या ओळीत शेवटचे 4 टाके उरले की दोन टाके एकत्र विणा, मग 2 विणा. टाके 4 वर आले की सैल हाताने बंद करा. मीटरभर लांब, मध्ये सुमारे 25 सेंटिमीटर रुंद असा त्रिकोण तयार होतो. मधला भाग पुढे गळ्याशी घ्यायचा, टोकं मानेमागून फिरवून पुढे आणायची आणि सैल गाठ मारायची.

रेशमाचा टाका निसटला तर भराभर खाली पळतो. दर 20 ओळींनी दाभणात बारीक सुती दोरा ओवून सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून घाला. चुकलंच तर तिथपर्यंतच उसवायचं. धागा तुटला आणि तो मशीनमध्ये धुता येईल असा प्रक्रिया केलेला नसेल, तर गाठ नको. दोन्ही टोकं बोटभर विंचरा, एकमेकांवर ठेवा, ओली करा आणि तळव्यांत जोरात चोळा. लोकर आपसूक मिसळते. रेशमात हे जमत नाही, तिथे नवा धागा कडेलाच जोडायचा.

धुवायला कोमट पाणी आणि थोडं रिठ्याचं पाणी. पांढऱ्या लोकरीला रिठ्याने पिवळसर छटा येऊ शकते, तिला सौम्य शाम्पू. विहिरीच्या पाण्याने बादलीला तांबूस थर धरत असेल तर ते पाणी वापरू नका. वीस मिनिटं भिजवा, चोळू नका, पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून वरून दाबा, चटईवर पंचा पसरून त्यावर आकारात लावा. टाचण्या स्टेनलेस स्टीलच्याच घ्या. खाऱ्या हवेत साध्या टाचण्या गंजतात आणि गंजाचा ठिपका लोकरीवर कायमचा बसतो. पावसाळ्यात पंख्याखाली वाळवा आणि चार-पाच तासांनी पालटा. तरी दोन दिवस लागतील. अर्धवट ओली वस्तू घडी करून कपाटात ठेवली की बुरशी आलीच.

ठेवताना कसरीची काळजी घ्या. घामाचा नि तेलाचा अंश राहिलेल्या लोकरीवर ती आधी बसते, म्हणून ठेवण्यापूर्वी वस्तू धुतलेली हवीच. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. डांबराच्या गोळ्या टाकल्यात तर लोकरीला चिकटून नकोत, आणि बाळाच्या वस्तूंजवळ तर नकोतच. त्याऐवजी वस्तू बंद पिशवीत घालून उणे 18 अंशाच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा, अंडी नि अळ्या मरतात.

शेवटी उरलेला ग्रॅम-दोन ग्रॅमचा धागा टाकू नका. गुंड्याच्या वेष्टनाभोवती गुंडाळून त्याच डब्यात ठेवा. गळपट्टा कधी खिळ्याला अडकून विरला, तर त्याच रंगाचा धागा दुसरीकडे मिळणार नाही.