गांडुळांना सुट्टी नसते

(दृश्य: मेसचं मागचं दार, शेजारी शेजारी ठेवलेली दोन पिंपं)

मेसच्या स्वयंपाकघरातून रोज दोन तऱ्हेचा ओला कचरा निघतो. एक शिजवण्याआधीचा: देठं, साली, पिवळी पडलेली पानं, चहाचा चोथा. दुसरा ताटातला: तेल, मीठ, मसाला लागलेलं खरकटं. कचऱ्याच्या गाडीत दोन्ही एकत्र पडतात आणि डेपोतल्या ढिगाखाली दबतात. तिथे हवा पोचत नाही, म्हणून ते सडतात आणि त्यातून मिथेन बाहेर पडतो. विद्यापीठाच्या आवारातली ही मुलं त्यातला पहिला भाग गाडीपर्यंत जाऊच देत नाहीत; शेडमधल्या पेट्यांत त्याचं गांडूळखत करतात. दुसऱ्या पिंपाला ती हात लावत नाहीत, कारण मीठ आणि तेल गांडुळांना सोसत नाही.

(दृश्य: शेड. गोणपाट हळूच उचललं जातं)

उजेड पडला की सगळी वळवळ क्षणात खाली जाते. गांडुळाला डोळे नाहीत, पण त्याच्या कातडीला उजेड कळतो. श्वासही तो कातडीनेच घेतो, म्हणून ती सतत ओली राहावी लागते. पेटीतला मूठभर माल घट्ट दाबला आणि एखाद-दोन थेंब सुटले, की ओलावा बरोबर आहे. धार लागली तर पाणी जास्त झालं, हात कोरडाच राहिला तर कमी पडलं. पहिल्या वर्षाची मुलं आधी हेच शिकतात.

ही बागेत खणताना सापडणारी गांडुळं नव्हेत. ती खोल मातीत राहतात, पेटीत रमत नाहीत. इथली जात आयसेनिया फेटिडा: लालसर, अंगावर फिकट पट्टे, पालापाचोळ्याच्या वरच्या थरात राहणारी. दात नाहीत. मऊ पडलेलं अन्न आणि त्यावर वाढलेले जिवाणू एकदमच गिळले जातात, आणि पोटातल्या स्नायूंच्या पिशवीत वाळूचे बारीक कण त्याचं पीठ करतात. कचरा बारीक चिरून का टाकायचा आणि मूठभर माती का मिसळायची, ते इथे कळतं.

(दृश्य: तळहातावर एक कोष, अगदी जवळून)

हा कोष पाहा. काही मिलिमीटरचा, लिंबासारखा दोन्ही टोकांना निमुळता. नवा असताना फिकट पिवळा, पुढे तांबूस. प्रत्येक गांडूळ नरही असतं आणि मादीही, तरी कोषासाठी सहसा जोडी लागते. एका कोषातून बहुधा एकाहून जास्त पिल्लं निघतात, पांढऱ्या दोऱ्याएवढी. पेटीत कोष दिसू लागले म्हणजे गांडुळांना जागा मानवली.

चार्ल्स डार्विनने गांडुळं कुंड्यांत पाळली होती. 1881 मध्ये त्याने लिहिलं, की वाद्यांच्या आवाजाकडे ती लक्षच देत नाहीत. पण कुंडी पियानोवर ठेवून सूर वाजवला, की बिळात पळतात. आवाज नाही, हादरा कळतो. पेट्या जनरेटरच्या भिंतीला लागून ठेवायच्या नाहीत, ते यासाठीच.

(दृश्य: वजनकाटा, शेजारी रजिस्टर)

खरी अडचण गांडुळांची नाही, वेळापत्रकाची आहे. सत्राच्या सुरुवातीला उत्साह दांडगा. परिस्थिती चांगली असली तरी गांडुळं दिवसाला आपल्या वजनाच्या साधारण निम्मंच खातात. त्याहून जास्त टाकलं की खालचा थर आंबतो, तापतो, आंबूस वास सुटतो आणि गांडुळं पेटीच्या भिंतीवर चढू लागतात. मग लगेच खाणं थांबवायचं, थर हलक्या हाताने सैल करायचा, फाडलेला पुठ्ठा आणि वाळकी पानं घालायची. ऊनही सांभाळावं लागतं. पंधरा ते पंचवीस अंशांत ती सुखात असतात, पस्तिशीच्या पुढे मरू लागतात.

किती टाकलं, काय टाकलं, वास कसा होता, हे सगळं रजिस्टरमध्ये उतरतं. माझ्या मते या शेडमधली सगळ्यांत मोलाची वस्तू हीच वही आहे. दर वर्षी इथली अनुभवी मुलं पदवी घेऊन निघून जातात; पेटीचा स्वभाव मागे राहतो तो या पानांत.

खत तयार झालं की ते प्लास्टिकवर ढीग करून उजेडात ठेवतात. गांडुळं खाली सरकतात, वरचा थर हाताने काढायचा, पुन्हा थांबायचं. काळं, भुसभुशीत, पावसानंतरच्या मातीच्या वासाचं हे खत मातीत मिसळूनच वापरायचं. पेटी फारशी तापत नाही, त्यामुळे बिया मरत नाहीत. रोपवाटिकेच्या कुंड्यांत न लावलेले टोमॅटो उगवतात ते त्यामुळे. आणि पेटीखाली गळणारं पाणी म्हणजे व्हर्मीवॉश, म्हणजे तयार गांडूळखतातून पाणी झिरपवून मिळणारं पातळ खत, नव्हे. अर्धवट कुजलेल्या मालातलं ते पाणी झाडांना नुकसान करू शकतं.

(दृश्य: भिंतीवरची यादी)

दोन आठवड्यांची सुट्टी निभते: पुठ्ठा जास्त, खाणं थोडं, गोणपाट ओलं. लांब सुट्टीत मात्र माणूसच लागतो. म्हणून इथला नियम असा, की अंतिम वर्षाच्या कुणीही एकट्याने पेटी भरायची नाही, सोबत पहिल्या वर्षाचं कुणीतरी हवंच. एक किल्ली त्या दोघांकडे, एक माळीकाकांकडे. आणि सुट्टीतल्या पाळ्यांची यादी परीक्षेच्या वेळापत्रकाआधी लागते.