44 टक्क्यांचे काय झाले?

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो, मॉरिशसच्या पीएमएसडी, म्हणजे ‘पार्ती मॉरिसियाँ सोशल डेमोक्रात’, या पक्षाची सत्तर वर्षांची वाटचाल सांगण्याचे मी कबूल केले आहे. परंतु त्याआधी एक जुनी तक्रार मांडू द्या, कारण ती मांडल्याशिवाय हा पक्ष आपल्याला दिसणारच नाही. मॉरिशसवरील माझा एक लेख काही वर्षांपूर्वी एका नियतकालिकाने छापला, तेव्हा त्याला ‘छोट्या भारताची कहाणी’ असा मथळा दिला आणि 1967च्या निवडणुकीतील मतांचे आकडे जागेअभावी गाळले. तो लेख मी त्या आकड्यांसाठीच लिहिला होता.

7 ऑगस्ट 1967 रोजी मॉरिशसच्या मतदारांसमोर खरा प्रश्न एकच होता, तो स्वातंत्र्याचा. स्वातंत्र्यवादी आघाडीला 62 पैकी 39 जागा मिळाल्या आणि पीएमएसडीला 23. मतांचा हिशेब मात्र साधारण 55 विरुद्ध 44 टक्के असा होता. ज्यांनी ती निवडणूक जिंकली त्यांची कथा आपल्याला तोंडपाठ आहे. पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम आपल्याला माहीत आहेत, दांडीयात्रेच्या दिवसाशी जुळणारी 12 मार्च ही स्वातंत्र्याची तारीख माहीत आहे, भारतीय मजूर जिथे उतरले तो राजधानी पोर्ट लुईचा आप्रवासी घाट माहीत आहे, आणि मुंबई बंदरातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या आपल्या मराठी माणसांचा अभिमानही आपण बाळगतो. पण त्या दिवशी ज्या 44 टक्क्यांनी इंग्रजांशी नाते राखूनच पुढे जावे असे मत दिले, ते कोण होते? त्यांत साखर कारखान्यांचे फ्रेंच वंशाचे मालक होते, हे खरे. परंतु मूठभर मालकांनी 44 टक्के भरत नाहीत. गुलामांचे वंशज असलेले क्रेओल गोदी कामगार, मच्छीमार आणि कारकून, चिनी दुकानदार, मॉरिशसच्याच रॉड्रिग्ज बेटावरचे कॅथलिक शेतकरी हे त्या मतांचे खरे बळ होते. रॉड्रिग्जने तर आपल्या दोन्ही जागा या पक्षाला दिल्या. बहुसंख्य हिंदूंच्या राज्यात आपले काय होईल, ही त्यांची भीती होती. ती भीती आपल्याला गैरसोयीची वाटते, म्हणून ‘छोटा भारत’ म्हणून आपण मोकळे होतो.

आता पक्षाच्या उगमाकडे येतो. 1948 मध्ये साक्षरतेच्या अटीवर मताधिकार वाढला आणि विधिमंडळाचा तोंडवळा बदलला. त्याला उत्तर म्हणून ज्यूल केनिग या वकिलांनी अल्पसंख्याकांना आणि मालमत्ताधारकांना एकत्र आणले. 1955 मध्ये त्या संघटनेचे नाव पार्ती मॉरिसियाँ झाले. पुढे नावात ‘सोशल डेमोक्रात’ जोडले गेले, पण पक्ष उजवाच राहिला. निळा रंग, चिन्ह कोंबडा. केनिग यांची जागा गायताँ द्युव्हाल यांनी घेतली. त्यांचे नाव याआधी किती जणांनी ऐकले आहे, असे मी विचारणार होतो. परंतु आपल्या हातांतले चहाचे कप पाहून हात वर करायला सांगत नाही. क्रेओल वस्त्यांनी त्यांना ‘किंग क्रेओल’ म्हटले, आणि त्याच माणसाने ‘हिंदू, माझा भाऊ’ ही घोषणा दिली.

1965चा प्रसंग जरा सविस्तर सांगतो, कारण तो मला फार महत्त्वाचा वाटतो. स्वातंत्र्याआधीच इंग्रजांनी चागोस द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडला आणि त्याबदल्यात 30 लाख पौंड देऊ केले. सर्वपक्षीय सरकारात त्या वेळी केनिग आणि द्युव्हाल मंत्री होते. बेटे तोडण्यालाच त्यांचा तात्त्विक विरोध नव्हता, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु चागोसमधल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा तळ होणार असेल, तर मॉरिशसच्या साखरेला अमेरिकेत कोटा हवा आणि आपल्या माणसांना तिथे जाऊन राहण्याची मुभा हवी, असा त्यांचा आग्रह होता. तो मानला गेला नाही, तेव्हा नोव्हेंबरमध्ये या पक्षाचे मंत्री राजीनामे देऊन बाहेर पडले. इंग्रजांशी संबंध तोडू नका म्हणणारा पक्ष इंग्रजांशीच भावावरून भांडत होता. त्यांचा हिशेब व्यापाऱ्याचा होता, पण तो आपल्या बेटासाठी मांडलेला होता, आणि म्हणून त्यांना इंग्रजांचे हस्तक म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटे उरली आहेत. तेव्हा उरलेली पन्नास-पंचावन्न वर्षे भराभर सांगतो. माझे म्हणणे असे की मॉरिशस सावरले ते हरलेल्यांना सत्तेत वाटा मिळाल्यामुळे. 1968च्या जानेवारीत पोर्ट लुईमध्ये दंगली झाल्या, इंग्रज सैन्य बोलवावे लागले. आणि 1969 मध्ये रामगुलाम यांनी द्युव्हाल यांना परराष्ट्रमंत्री केले. याची किंमतही मोजावी लागली, ती लपवू नये: ठरलेल्या निवडणुका 1976 पर्यंत पुढे ढकलल्या गेल्या आणि विरोधाची जागा पॉल बेराँजे यांच्या एमएमएम या डाव्या पक्षाने घेतली. क्रेओल तरुण तिकडे वळले. 1973 मध्ये द्युव्हाल मंत्रिमंडळाबाहेर गेले, 1976 मध्ये पक्षाकडे 8 जागा उरल्या, तरी रामगुलाम यांना सरकार टिकवण्यासाठी त्याच लागल्या. 1983 नंतर द्युव्हाल उपपंतप्रधान झाले. 1996 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र झाव्हिए-ल्यूक पुढे अर्थमंत्री झाले.

आणखी एकच गोष्ट. मॉरिशसच्या संविधानात पराभूत उमेदवारांतून समाजनिहाय जास्तीत जास्त 8 जागा भरण्याची ‘बेस्ट लूझर’ पद्धत आहे. ज्या भीतीवर हा पक्ष उभा राहिला, तिलाच दिलेले ते उत्तर होते. 2024च्या निवडणुकीत विरोधी आघाडीने 62 पैकी 60 जागा जिंकल्या, तेव्हा पीएमएसडीचा एकही उमेदवार निवडून आला नाही. गायताँ द्युव्हाल यांचा नातू एड्रियन सभागृहात बसला, तो याच तरतुदीने.