पोर्शे ९११: दांडा ढिला, दोष कुठे?

हा गिअरचा दांडा बघा. गाडी न्यूट्रलला आहे आणि दांडा पातेल्यातल्या पळीसारखा हवा तसा फिरतोय. पहिला टाकायला जावं तर तिसरा पडतो, दुसऱ्याऐवजी चौथा.

गाडी सत्तरच्या दशकातली, पोर्शे ९११. हे मॉडेल १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात आलं ते ९०१ या नावाने. मध्ये शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजोने हक्क सांगितला, म्हणून शून्याचा एक झाला. इंजिन मात्र आजतागायत मागेच आहे, आणि आपली तक्रार तिथूनच सुरू होते.

दांडा पुढच्या दोन सीटच्या मध्ये, गिअरबॉक्स पार मागे. हाताची हालचाल तिथवर नेते ती मधल्या उंचवट्याखालून गेलेली लांब सळई. दांड्याच्या खालच्या गोळ्याला प्लास्टिकची वाटी, पुढे सळईला आधार देणारा बुश, म्हणजे झीज सोसणारी प्लास्टिकची कडी, मागे कप्लिंगमध्ये, म्हणजे सळई गिअरबॉक्सला जोडणाऱ्या सांध्यात, आणखी बुश. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने हे प्लास्टिक झिजतं, जुनं होऊन तडकतं. खाली केसभर फट पडली की वर मुठीत ती बोटभर जाणवते.

हे इतकं हळूहळू होतं की रोज चालवणाऱ्याला पत्ताच लागत नाही. हाताला सवय होते. गाडी दुसऱ्याच्या हातात गेली की बोंब होते. त्यात १९७२ पासूनचा ९१५ गिअरबॉक्स आधीच बदनाम, त्यामुळे थेट तोच उघडायची घाई केली जाते. आधी बुश बघा. खर्च किरकोळ आहे.

मागच्या छोट्या सीटच्या मधलं कार्पेट उचललं की एक झाकण दिसतं. त्याखाली कप्लिंग. एका टोकाला निमुळता स्क्रू, दुसऱ्या टोकाला क्लॅम्प. क्लॅम्प सैल करण्याआधी सळईवर खूण करून ठेवा, नाहीतर जुळवणीत दुपार जाते. जुने बुश बहुतेकदा तुकड्यांनीच निघतात. नवे व्हाइसमध्ये धरून सरळ दाबायचे. हातोडी लांब ठेवा. पितळी बुशही मिळतात, दांडा त्यांनी कडक होतो, पण गिअरबॉक्सची थरथर थेट तळहातात येते. आम्ही प्लास्टिकच घातलं.

मग पुढचं काम. दांड्याची बैठक सोडवून वर काढायची, जुनं काळं ग्रीस पुसायचं, नवी वाटी बसवायची.

खरी कसोटी जुळवणीची. गिअरबॉक्स न्यूट्रलला, दांडा त्याच्या जागी, आणि मग क्लॅम्प आवळायचा. मघाची खूण फक्त सुरुवातीला उपयोगी, कारण ती झिजलेल्या बुशांच्या हिशेबाची होती. इंजिन बंद ठेवून पाचही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघा. एखादा अर्धवट पडत असेल तर सळई किंचित फिरवा, पुन्हा आवळा.

आता रस्त्यावर. दांडा घट्ट आहे, तरी दुसरा टाकताना करकर येतेच? मग मात्र सिंक्रो, म्हणजे गिअर बदलताना दातेरी चाकांचा वेग जुळवणारी कडी, झिजलाय, आणि त्यासाठी गिअरबॉक्स खाली उतरवावाच लागेल.