पोफळीच्या सावलीतला सोनटक्का

(दृश्य: गुहागर. रस्त्याला लागून घर, मागे विहीर, त्यामागे समुद्राकडे जाणारी नारळ-पोफळीची वाडी.)

श्रावण सरता सरता गुहागरच्या वाड्यांत सोनटक्क्याला तुरे येतात. गणपतीला, गौरीला, वेणीत माळायला, कशालाही चालणारं हे फूल विकत आणायची कोकणात पद्धतच नव्हती. मागीलदारी न्हाणीचं पाणी जायचं तिथे अळू, केळ आणि सोनटक्का असायचाच.

हे झाड आल्या-हळदीच्या कुळातलं, मूळ पूर्व हिमालयाच्या बाजूचं. क्युबाने तर त्याला राष्ट्रीय फुलाचा मान दिलाय. आपल्याकडे मात्र त्याला सांडपाण्याची जागा मिळाली, आणि खरं सांगायचं तर तीच त्याला मानवली.

त्याला सावली आवडते, पण अंधार नाही. गर्द फणसाखाली लावलात तर पानं जोमाने वाढतील आणि फुलाची वाट बघत बसावं लागेल. उघड्यावर लावलात तर एप्रिलच्या उन्हात पानांच्या कडा करपतील. पोफळीखालची हलती सावली आणि सकाळचं थोडं कोवळं ऊन, एवढं त्याला पुरतं.

(दृश्य: तुऱ्याचा जवळून शॉट. संध्याकाळ.)

आता तुरा नीट बघा. एकावर एक बसलेली हिरवी खवलं, आणि प्रत्येक खवल्याच्या आड एकाहून जास्त कळ्या. त्या एकदम फुलत नाहीत, पाळीपाळीने फुलतात. म्हणून फूल एका दिवसात मलूल झालं तरी तुरा बरेच दिवस चालतो. फुलातला सगळ्यात मोठा, मधे चीर पडलेला पांढराशुभ्र भाग पाकळी वाटतो, पण तो रूप पालटलेला पुंकेसर आहे. खरा पुंकेसर एकच, आणि स्त्रीकेसराचा दोरा त्याच्या खाचेतून वर डोकावतो. मध लांब, बारीक नळीच्या तळाशी. तिथे पोचायला लांब सोंडेचा पतंगच हवा, आणि तो दिवेलागणीनंतर बाहेर पडतो. वास संध्याकाळी का दरवळतो, ते यावरून कळेल. वेणीसाठी कळ्या दुपारी उतरवून ओल्या फडक्यात ठेवा, तिन्हीसांजेला उमलतात.

पावसाळ्यात याच्याकडे बघावं लागत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. खरी काळजी दसऱ्यानंतरची. किनाऱ्याजवळच्या पुळणीत पाणी ठरत नाही, म्हणून बुंध्याशी शेणखत आणि वर पालापाचोळ्याचा जाड थर हवा. पाचोळा जाळून टाकणाऱ्यांनी सोनटक्का लावूच नये, असं माझं मत आहे.

फुलून गेलेला दांडा पुन्हा फुलत नाही. दिवाळीनंतर पानं पिवळी पडू लागली की तो जमिनीलगत कोयत्याने छाटा. हिरवा दिसतो म्हणून जीव होत नाही, पण तो ठेवून फक्त दाटी होते. तीन-चार वर्षांनी गड्डे एकमेकांवर चढून बसतात आणि तुरे लहान येतात. मग मेअखेरीस कुदळीने खणून वेगळे करा. प्रत्येक तुकड्याला दोन-तीन डोळे हवेत. काप सावलीत सुकू द्या आणि दोन-दोन फुटांवर, फार खोल नाही, आडवे लावा.

(दृश्य: नव्या घराचं मागीलदार. पेव्हर ब्लॉक, शोषखड्ड्याचं झाकण.)

आता न्हाणीचं पाणी पाइपातून थेट शोषखड्ड्यात जातं. डास कमी झाले, हे चांगलंच झालं. पण अळू गेलं, सोनटक्काही गेला. घर बांधताना गवंड्याला सांगून पाइपाला एक फाटा काढून घ्या. भांडी विसळलेलं, भाज्या धुतलेलं पाणी त्यातून आळ्यात सोडा. वॉशिंग मशीनचं मात्र नको, त्यातली पावडर झाडाला मानवत नाही.