आठवा सर्व्हर

सॉफ्टवेअरनिर्मिती आणि उद्योगांतील स्वयंचलन या विषयावर बोलायला उभे राहिले की नव्या साधनांची यादी वाचून दाखवण्याचा मोह होतो. तो आवरून मी आज न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातील पाऊण तासाची हकिगत सांगणार आहे.

१ ऑगस्ट २०१२ रोजी न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजची किरकोळ गुंतवणूकदारांसाठीची नवी योजना सुरू होणार होती. तिच्यासाठी नाइट कॅपिटल या मोठ्या दलाली पेढीने ऑर्डर बाजारात पाठवणाऱ्या आपल्या प्रणालीत नवा कोड घातला. तो आठ सर्व्हरवर जायला हवा होता; तंत्रज्ञाने सातांवर चढवला, आठवा राहून गेला. दुसऱ्या कोणी तो तपासावा, असा लेखी नियमच नव्हता.

आठव्या सर्व्हरवर ‘पॉवर पेग’ नावाचा, २००३ पासून वापरात नसलेला कोड पडून होता, आणि नव्या योजनेसाठी वापरलेला फ्लॅग, म्हणजे कोडचा एखादा भाग चालू-बंद करणारी खूण, पूर्वी नेमका त्यालाच जागे करणारा होता. पॉवर पेग ग्राहकाची ऑर्डर लहान तुकड्यांनी बाजारात पाठवत असे आणि किती शेअरचा सौदा झाला याची मोजदाद पाहून थांबत असे. पण ही मोजदाद २००५ मध्ये कोडमध्ये दुसरीकडे हलवली गेली होती, आणि त्यानंतर पॉवर पेग चालवून पाहण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. बंद पडलेली गोष्ट कोण तपासतो? त्यामुळे बाजार उघडताच, ऑर्डर पूर्ण झाली आहे हे न कळणारा तो सर्व्हर पाठवतच सुटला. २१२ ऑर्डरींपोटी सुमारे ४५ मिनिटांत १५४ शेअरांमध्ये जवळपास ४० लाख सौदे झाले, ३९.७ कोटींहून अधिक शेअरांची उलाढाल झाली आणि पेढी ४६ कोटी डॉलरांहून अधिक रकमेला बुडाली. मधल्या काळात, कारण न उमगल्याने, सात सर्व्हरवरचा नवा, म्हणजे बरोबर असलेला, कोडच काढून टाकण्यात आला आणि तेही आठव्यासारखे वागू लागले.

याला संगणकाची चूक म्हणणे मला पटत नाही. ऑर्डर क्षणार्धात जाणार, पण कोड सर्व्हरवर चढवणे मात्र एका माणसाच्या लक्षावर अवलंबून, असे ते अर्धवट स्वयंचलन होते. आणि माझ्या मते संपूर्ण हाताने केलेल्या कामापेक्षा हे अधिक धोक्याचे, कारण हाताने चालणारी चूक निदान हाताच्याच वेगाने वाढते. वास्तविक कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे गिट २००५ पासून होते, कोडची चाचणी आपोआप चालवणारे जेनकिन्स आणि अनेक सर्व्हर एकसारखे ठेवणारे पपेटही होते. आज बहुतेक ठिकाणी कोडची चाचणी, तो सर्व्हरवर चढवणे आणि बिघडल्यास मागे घेणे हे एकाच पाइपलाइनमध्ये, म्हणजे आपोआप चालणाऱ्या टप्प्यांच्या साखळीत, बसवता येते, आणि नवा कोड आधी थोड्याच ग्राहकांवर चालवून पाहता येतो. एआय सहायकांमुळे कोड लिहिणे भराभर होऊ लागले आहे, हे खरे. पण मृत कोड शोधून काढून टाकण्याचा कंटाळवाणा उद्योग मागेच राहतो. माझ्या हाती खर्चाचा निर्णय असता, तर मी आधी तिकडे पैसे घातले असते.

त्या सकाळी ८ वाजून गेल्यापासून ९.३० ला बाजार उघडेपर्यंत पेढीच्याच प्रणालीने कर्मचाऱ्यांच्या एका गटाला ९७ ई-मेल पाठवले होते आणि त्यांत पॉवर पेगचा स्पष्ट उल्लेख होता. ते धोक्याचे इशारे म्हणून पाठवले जात नसत, त्यामुळे त्यांवर कोणी काही केले नाही. २०१३ मध्ये अमेरिकेच्या बाजार नियामकाने पेढीला १ कोटी २० लाख डॉलरांचा दंड केला.

आपल्याकडे १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्या व्यवसायांना जीएसटीचे ई-इन्व्हॉइस सक्तीचे झाले आहे. ते सरकारी पोर्टलने नाकारल्याचा संदेश तुमच्या कचेरीत कोणाच्या मेलवर जातो, आणि ती व्यक्ती रजेवर असली तर तो कोण पाहते?